जोडीदाराचे उत्पन्न

तिला घरात सगळे भोंगा म्हणत. हे नाव बाबांनीच ठेवलं होतं, ती पाळण्यात असताना, आणि पुढे ते बदलावं असं तिने काही केलं नाही. व्याकरणात भोंगा पुल्लिंगी आहे, पण त्याला इलाज नव्हता. भोंगा आली, भोंगा गेली, भोंगा परत ओरडली, असंच सगळे म्हणायचे. यंदा तर शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं. म्हणजे इतके दिवस जो नुसता आरडाओरडा होता, त्याला आता प्रमाणपत्र होतं.

भोंग्याचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. हे काम एकट्याने करायचं नसतं. एक जण वर, यंत्राच्या खोलीत. दुसरा खाली, खड्ड्यात. वरच्याने काहीही चालू करण्याआधी खालच्याला हाक मारायची आणि खालून "हो" आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, नाहीतर खालचा कायमचा खालीच राहायचा. म्हणून प्रत्येक लिफ्टवाल्याला एक जोडीदार असतो. बाबा म्हणायचे, जोडीदार म्हणजे बायकोसारखाच, दिवसभर त्याचं ऐकावं लागतं. हे ऐकलं की आई हातातलं भांडं जरा जोरात खाली ठेवायची.

बाबांचा जोडीदार बारा वर्षं एकच होता. भोंगा त्यांना जोडीदारकाका म्हणायची. बाबांच्या सांगण्यानुसार काका खड्ड्यातले आणि बाबा वरचे, काका हाताखालचे आणि बाबा मुख्य, काकांचा पगार बेताचा आणि बाबांचा त्याच्या दीडपट. आईला काकांची फार कीव यायची. भोंग्याची जुनी सायकल तिने काकांच्या मुलांना देऊन टाकली होती. मागच्या उन्हाळ्यात घरातला जास्तीचा पंखाही दिला. काका वस्तू घ्यायचे, पण घेताना बाबांकडे अशा नजरेने बघायचे, जणू पायात काटा रुतलेला असताना ते कोणाच्या तरी लग्नात उभे आहेत. बाबा तेवढ्या वेळात छताकडे बघत असायचे.

आता बाबांचा पगार. तो नीट समजून घ्यायचा तर आधी साडू समजून घ्यायला हवेत.

मावशीचे यजमान, म्हणजे बाबांचे साडू, विमा कंपनीत होते. माणूस तसा वाईट नव्हता, पण स्वतःची पगारवाढ पाहुण्यांच्या ताटात वाढायची त्यांना सवय होती. मावशीकडे जेवायला बसलं की पहिल्या घासाला हवा, दुसऱ्या घासाला रस्त्यावरची गर्दी, आणि तिसऱ्या घासाला, "आमच्याकडे यंदा अमुक इतके केले बुवा." मग बाबा घास गिळायचे, पाणी प्यायचे आणि अगदी सहज, जणू मीठ मागतायत अशा आवाजात, त्याहून जरासा मोठा आकडा सांगायचे. जरासाच. उगाच डोळ्यात भरेल इतका नाही. जगातल्या सगळ्या माणसांना पगारवाढ कामावर मिळते. बाबांना ती मावशीकडे जेवायला गेल्यावर मिळायची. हे भोंग्याच्या फार उशिरा लक्षात आलं, आणि आपण इतक्या हुशार असून ते उशिरा लक्षात आलं याचा तिला अजून राग येतो.

सांगितलेला पगार आणि घरात येणारे पैसे यांचा मेळ बसायचा नाही, पण त्यासाठी बाबांकडे एक शब्द होता. "कापतात." कंपनी कापते, साठवते, पुढे एकदम देते. घरातल्या कोणीही इतकं काम केलं नसेल, जितकं त्या एका शब्दाने केलं होतं. सहलीला का जायचं नाही? कापतात. नवीन गादी? कापतात. भोंगा लहान असताना तिला वाटायचं, ऑफिसात एक माणूस कात्री घेऊनच बसलेला असतो.

हे सगळं वर्षानुवर्षं छान चाललं होतं. मग आईला प्रवेश मिळाला.

आई एका दंतवैद्याकडे काम करायची. आधी नावं लिहून घ्यायला, मग हत्यारं हातात द्यायला. तिथे माणसांच्या तोंडाचे पांढरे साचे यायचे, कवळ्या यायच्या, आणि आईला त्या खोट्या दातांचं काय वेड लागलं कोण जाणे. ती घरी येऊन सांगायची की कोणाची कवळी बोलताना टकटक वाजते आणि का वाजते. शेवटी कोणाला न सांगता तिने कवळ्या बनवायला शिकवणाऱ्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी परीक्षा दिली, आणि तिचं नाव यादीत आलं. फी भरायची मुदत महिनाअखेर. फी भरली नाही तर जागा यादीतल्या पुढच्याला.

तिने हे जेवताना सांगितलं. भोंगा खुर्चीवर उभी राहिली. बाबांनी तर भाषणच केलं, की शिकायला वय नसतं, बाईने पुढे जायलाच पाहिजे, आमच्या घरात कोणी कोणाला अडवत नाही. आईने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग ते कापलेले पैसे काढू या.

बाबांचा घास अर्ध्या वाटेत थांबला, दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकावी तसा.

त्याला मुदत आहे, बाबा म्हणाले. मधेच काढले तर नुकसान होतं. किती नुकसान, असं भोंग्याने विचारलं, तर तिला तिच्या अभ्यासाची आठवण करून देण्यात आली. मग बाबांनीच तोडगा काढला: शिकणाऱ्यांना सरकार मदत देतं, ती घ्यावी. आपण काही गरजू नाही, आई म्हणाली. शिकणारा प्रत्येक माणूस गरजूच असतो, असं बाबा म्हणाले, आणि आपल्याच वाक्यावर इतके खूश झाले की त्यांनी अजून भात घेतला.

अर्ज बाबांनीच आणला, हे सांगायलाच हवं. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पिशवीतून. त्यांनी तो आतून वाचला नव्हता एवढंच.

भोंगा मोठ्याने वाचत होती आणि आई लिहीत होती. नाव, वय, पत्ता, आधीचं शिक्षण. मग भोंगा एका रकान्यापाशी आली आणि वक्तृत्व स्पर्धेच्या आवाजात म्हणाली, "अर्जदार विवाहित असल्यास, जोडीदाराचे उत्पन्न."

बाबा वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र हळूहळू वर चढलं आणि त्यांचं तोंड त्यामागे गेलं.

पहिल्या दिवशी ते म्हणाले, शिकणार तू, माझं उत्पन्न कशाला हवंय त्यांना. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तिथे "लागू नाही" असं लिही. आईने विचारलं, काय लागू नाही, उत्पन्न की नवरा? तिसऱ्या दिवशी पगारपत्रक देणारा साहेब रजेवर गेला. तो साहेब त्यानंतर इतके दिवस रजेवर होता, की एखाद्याला वाटावं, त्याची बाळंतपणाची रजा चालू आहे.

याच दिवसांत एका संध्याकाळी जोडीदारकाका आले. ते दुचाकी घेत होते, कर्जावर. कंपनीतला ओळखीचा माणूस म्हणून त्यांनी बाबांचं नाव आणि नंबर दिला होता, आणि चौकशीचा फोन येईल एवढंच सांगायला आले होते. काका गेल्यावर आई म्हणाली, एवढ्याशा पगारात यांना दुचाकी कशी परवडते? कर्ज काढून, बाबा तुच्छतेने म्हणाले, आपण कर्ज काढत नाही. पण काकांना दारापर्यंत सोडायला बाबांबरोबर भोंगाही गेली होती, आणि चपला घालता घालता काका बाबांना हळूच म्हणाले होते ते तिने ऐकलं होतं.

"जे आहे तेच सांग हं. मी पगारपत्रक जोडलंय. एक पैसाही वाढवू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे."

भोंग्याला तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नाही. बाबांची सवय म्हणजे कुठली, एवढं मनात आलं आणि गेलं.

शेवटी आई कंटाळली. रजेवरचा साहेब काही परत येईना, मुदत जवळ आली, म्हणून एका दुपारी तिने तो रकाना भरून टाकला. तिला जो आकडा माहीत होता तोच तिने लिहिला, मावशीच्या जेवणाच्या टेबलावरचा, सगळ्यात ताजा. भोंग्याने शेजारचं सूचनापत्रक वाचलं. तिथे उत्पन्नाची मर्यादा छापली होती, आणि बाबांचा आकडा ती ओलांडून पलीकडे जाऊन बसला होता. भोंगा म्हणाली, आई, थोडा कमी लिही ना. आई म्हणाली की खोटं लिहून मिळवलेल्या पैशांनी ती खोटे दात बनवायला शिकणार नाही. मग तिला स्वतःचंच वाक्य विचित्र वाटलं आणि ती हसली, आणि पाकीट बंद केलं.

रात्री बाबांना हे कळलं. कुठला आकडा लिहिला, एवढंच त्यांनी विचारलं. आईने सांगितला. भोंगा बाबांच्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बाबांनी तोंड उघडलंही. मग बंद केलं. मग म्हणाले, "बघू. यंदा नाही तर पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी जागा नसते, आई म्हणाली. बाबा हात धुवायला उठले.

काही दिवसांनी आईला बोलावणं आलं: अर्जदाराने समक्ष यावे. ऑफिस चौथ्या मजल्यावर. लिफ्टच्या दाराला दोरी बांधून "बंद आहे" असा पुठ्ठा लटकवला होता, आणि तो इतक्या दिवसांचा होता की कोणीतरी त्याखाली "अजून?" असं लिहिलं होतं. आई आणि भोंगा जिने चढून गेल्या. वर एका टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. चष्मा साखळीने गळ्यात, समोर शिक्क्यांची रांग. त्या कोणालाही नावाने हाक मारायच्या नाहीत. समोरचा माणूस अर्जदार, त्याचा नवरा किंवा बायको जोडीदार, आणि त्याची मुलं अवलंबित. त्यांनी भोंग्याकडे पाहून विचारलं, अवलंबितांना पाणी हवंय का?

मग त्यांनी सांगितलं. आकडा मर्यादेबाहेर आहे, पगारपत्रक जोडलेलं नाही, आणि आज शेवटचा दिवस. अर्ज नाकारावा लागणार. पण नाकारण्याआधी जोडीदाराला एकदा फोनवर विचारून खात्री करायची, असा नियम होता. बाईंनी नंबर फिरवला आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून फोनचा आवाज बाहेर सोडला. आवाज घुमत आला. बाबा कुठल्यातरी लिफ्टच्या वर उभे होते.

पुढे जे झालं त्याचा सगळा दोष मराठी भाषेतल्या आदरार्थी बहुवचनाला द्यायला हवा.

बाईंनी वरच्या पट्टीत सांगितलं की ऑफिसमधून बोलतेय, अर्जाच्या संदर्भात उत्पन्नाची पडताळणी करायची आहे. बाबा म्हणाले, हो हो, मी वाटच बघत होतो फोनची. आवाजात खूप प्रेम होतं. भोंगा आणि आई एकमेकींकडे बघायला लागल्या.

"अर्जदारांचे जोडीदार आपणच का?"

"मीच की. बारा वर्षं झाली."

बाईंनी अर्जात लग्नाचं वर्ष बघितलं आणि चष्मा पुसला. मग विचारलं, अर्जदार आपल्यासोबतच राहतात का? दिवसभर सोबतच असतो, बाबा म्हणाले, रात्री तो त्याच्या घरी, मी माझ्या. बाईंनी आईकडे पाहिलं, मग आवाज शक्य तितका मऊ करून विचारलं, हे कधीपासून? पहिल्यापासूनच, बाबा म्हणाले, कंपनीनेच जोडी लावून दिली, आम्हाला कोणी विचारलं नाही. अर्जदारांवर अवलंबून कोण आहे? बाबा उत्साहाने म्हणाले, त्याची बायको आहे, दोन मुलं आहेत, सगळे चांगले आहेत, बायको जरा तापट आहे पण तेवढं चालायचंच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. या नोकरीत त्यांनी खूप काही ऐकलं असेल, पण अर्जदार बाईला बायको असल्याचं बहुधा पहिल्यांदाच ऐकत होत्या. आई मात्र हलली नाही. ती फोनकडे बघत होती, एखाद्याच्या तोंडाचा साचा बघावा तशी, कुठे काय बसत नाही ते शोधत.

"बरं," बाई म्हणाल्या, "जोडीदाराचं उत्पन्न किती, तेवढं स्पष्ट सांगा."

बाबांनी आकडा सांगितला. स्वच्छ, सुटा, एकही पैसा न वाढवता. मग बाईंनी विचारलं, हे नक्की? आणि बाबा दुखावलेल्या आवाजात म्हणाले,

"नक्की म्हणजे काय? त्याला आणि मला अगदी एकच पगार आहे हो. पहिल्या दिवसापासून. दर महिन्याला दोघं शेजारी उभे राहून पाकीट उघडतो. त्याचं वाढलं तर माझं वाढतं, माझं अडलं तर त्याचं अडतं. कापत तर काहीच नाहीत. तुम्ही बिनधास्त मंजूर करा."

ऑफिसात कोणीतरी कुठेतरी शिक्का मारला. तो ऐकू आला, इतकं सगळं शांत झालं होतं.

बाईंनी घसा साफ केला. "ठीक आहे. अर्जदार इथेच बसल्या आहेत, मी त्यांना सांगते."

फोनमधून लिफ्टची घरघर आली. मग ती थांबली.

"बसल्या?" बाबा म्हणाले.

एवढ्याशा "ल्या"ने त्यांना गाठलं. बाकी सगळ्या वाक्यांत ते सुरक्षित होते.

आई फोनजवळ वाकली आणि म्हणाली, "पगारपत्रक घेऊन या. ऑफिस बंद व्हायच्या आत. चौथा मजला." तेवढं बोलून तिने बाईंना फोन ठेवायला सांगितलं.

बाबा आले, दोन्ही हातांना ग्रीस, शर्टाला घाम, मागे जोडीदारकाका अवजारांची पिशवी घेऊन. चार जिने चढून दोघांना धाप लागली होती. बाईंनी दोघांच्या शर्टांवरचं कंपनीचं नाव वाचलं आणि विचारलं की लिफ्टची तक्रार त्यांच्याच कंपनीकडे केली होती, तिचं काय झालं. काका म्हणाले, मी तर म्हणत होतो आधी हीच करू. हा म्हणाला, चौथ्या मजल्यावर कोण एवढं महत्त्वाचं बसतं. बाबांनी काकांकडे असं पाहिलं की खड्डा जवळपास असता तर एक जण आत गेला असता.

रजेवरचा साहेब अर्थातच परत आला होता, किंवा कधी गेलाच नव्हता. पगारपत्रक बाबांच्या खिशात होतं, घामाने भिजलेलं. बाईंनी ते सुकवायला खिडकीत ठेवलं आणि दुरुस्तीचा कागद पुढे केला. त्यात एक रकाना होता: तफावतीचे कारण. जोडीदाराने स्वतःच्या अक्षरात भरायचा.

बाबांनी "लेखनदोष" असं लिहायला घेतलं. आई म्हणाली, अक्षर माझं होतं आणि माझं अक्षर स्वच्छ आहे. बाबांनी ते खोडलं आणि "गैरसमज" म्हणाले. कोणाचा, असं बाईंनी विचारलं, त्यांना नियमाप्रमाणे ते लागत होतं. मग बाबा आईला म्हणाले, अगं, माणूस चार लोकांत थोडंफार बोलतो. त्यात एवढं काय.

आईचा आवाज अजिबात चढला नाही, आणि भोंग्याला तिथेच कळलं की आवाज न चढवताही बोलता येतं.

"अहो, खोटे दात करतानासुद्धा आधी तोंडाचं माप घेतात. तुम्ही साडूंच्या तोंडाच्या मापाची कवळी केलीत आणि इतकी वर्षं स्वतः घालून फिरलात. वाजणारच ती." मग म्हणाली, "तेही मी सोडून दिलं असतं. पण माझा अर्ज आज नाकारला असता, तर संध्याकाळी घरी येऊन मला खरं सांगितलं असतंत?"

काका अवजारांच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागले, जे त्यात नव्हतं. बाईंनी शिक्क्यांची रांग सरळ केली. बाबांनी कागद पुढे ओढला आणि ग्रीसचा अंगठा कोपऱ्यात उमटवत लिहिलं: "जोडीदाराने अर्जदारास चुकीचा आकडा सांगितला होता."

खाली आणखी एक रकाना होता, कालावधी. बाबांनी पेन हवेत धरलं. काका म्हणाले, साडूंनी नवं घर घेतलं तेव्हापासून धर.

बाईंनी दोन्ही आकडे जुळवले, सूचनापत्रकाशी पडताळले आणि शिक्का मारला. "मर्यादेत." भोंग्याने तो शिक्का मोठ्याने वाचला. बाबा इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच मर्यादेत आले होते आणि त्याला सरकारी पुरावा होता. आईची जागा राहिली. आईने पावतीची घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि पर्सची चेन नीट लागली का ते दोनदा पाहिलं.

जिना उतरताना आईने काकांकडे सायकलचा विषय काढला, की तिला माहीत नव्हतं, तिचा हेतू काही वाईट नव्हता. काका म्हणाले, वहिनी, सायकल मस्त चालते, परत आणून देऊ का? आई म्हणाली, सायकल राहू द्या, पंखा तेवढा आणून द्या, आम्हालाही उकडतं.

बाबांना वाटलं, विषय संपला. ते जरा हसलेही. तेव्हा आई म्हणाली की रविवारी मावशीकडे जेवायला बोलावलंय, आणि तिथे हा आकडा सांगायचा आहे. खरा. बाबा म्हणाले, अगं, साडूंना काय करायचंय आपल्या पगाराशी. आई म्हणाली, हेच मी इतकी वर्षं म्हणायला हवं होतं.

"तुम्ही सांगाल," तिने विचारलं, "की भोंग्याला सांगू?"

रविवारी मावशीच्या टेबलावर सगळं नेहमीसारखं झालं. पहिल्या घासाला हवा, दुसऱ्या घासाला गर्दी. तिसऱ्या घासाला साडू म्हणाले, "आमच्याकडे यंदा अमुक इतके केले बुवा," आणि मागे टेकून बाबांकडे बघत राहिले.

बाबांनी घास गिळला. पाणी प्यायले. टेबलाच्या पलीकडे भोंग्याने खुर्ची मागे सरकवली, उठून उभी राहिली, हात मागे बांधले आणि घसा साफ केला, अगदी स्पर्धेत करायची तसा. बाबांनी घाईघाईने आईकडे पाहिलं, खड्ड्याकडे बघावं तसं, खालून काही आवाज येतोय का याची वाट बघत.

"हो," आई म्हणाली.

आणि मग बाबांनी आकडा सांगितला.